आधी तास मोजा, मग आराखडा लिहा

वाचकाचं पत्र

मी एका छोट्या सामाजिक संस्थेत समन्वयक आहे. हे पद माझ्याकडे नुकतंच आलं. त्याआधी मी याच संस्थेत घरभेटी करत होते. आमची तीन कामं आहेत : आजारपणातून उठलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना आठवड्याला एक घरभेट, मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका आणि मानसिक ताण असलेल्यांसाठी फोनवरची मदतसेवा. घरभेटींसाठी पगारी कार्यकर्त्या ३ आहेत आणि त्यांच्याकडे ६० ज्येष्ठ. प्रतीक्षायादीवर ५४ जण. महिन्याला साधारण ८ नवी नावं येतात आणि ६ जागा मोकळ्या होतात. मधल्या काळात दोन कार्यकर्त्या काम सोडून गेल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या, त्याही आता थकल्यासारख्या दिसतात. विश्वस्तांनी तीन वर्षांचा आराखडा मागितला आहे, बैठक सहा आठवड्यांवर आली आहे. त्यांचं म्हणणं, स्वयंसेवक वाढवले की प्रश्न सुटेल. निधी देणाऱ्या संस्थेचा फॉर्म वेगळाच, त्यात वेगळेच रकाने. मी इंटरनेटवरून टेम्प्लेटं, पुस्तिका, मार्गदर्शिका उतरवून घेतल्या, आता फोल्डर उघडायचीही भीती वाटते. यातलं खरोखर उपयोगाचं काय? सुरुवात कुठून करू? आणि प्रतीक्षायादीतल्या लोकांचे फोन येतात तेव्हा त्यांना काय सांगू?

उत्तर

ताई, तुम्ही पत्रात सहज लिहून गेलेले आकडे पुन्हा एकदा वाचा : ३ कार्यकर्त्या, ६० ज्येष्ठ, ५४ प्रतीक्षेत, ८ येतात, ६ जातात. आराखड्याचा अर्धा कच्चा माल एवढ्यात आहे. फोल्डर तूर्त बंदच ठेवा.

बहुतेक संस्थांचे आराखडे ध्येय आणि दृष्टिकोन या पानापासून सुरू होतात, आणि त्या दोन वाक्यांच्या शब्दरचनेवर दोन-दोन बैठका खर्च होतात. तुमचं ध्येय तुम्हाला पाठ आहे, तुम्ही ते घरोघरी जाऊन जगला आहात. तुमच्या माणसांकडे कामाचे खरे तास किती आहेत, हे मात्र तुमच्या संस्थेत कुणीच मोजलेलं दिसत नाही. म्हणून पहिलं साधन कोरा कागद आणि हजेरीपत्रक.

वर्षाचे आठवडे ५२. त्यातून रजा, सुट्ट्या, आजारपण आणि प्रशिक्षण वजा करा. तुमचा नेमका आकडा तुम्ही हजेरीपत्रकातून काढाल. मी उदाहरणासाठी ९ आठवडे धरते. उरले ४३. आठवड्याचे तास ४० धरले, तर बैठक, देखरेख करणाऱ्या वरिष्ठांशी बोलणं, अहवाल, कुणाला दवाखान्याशी किंवा दुसऱ्या सेवेशी जोडून देणं यात ६ तास जातात. राहिले ३४. आता एक घरभेट केवढ्याची? तासाभराची, असं सगळे म्हणतात. पण जाण्यायेण्याची ४० मिनिटं आणि नोंद लिहायची, एखादा फोन करायची २० मिनिटं धरली, की एक भेट दोन तासांची होते. म्हणजे आठवड्याला १७ भेटी. ४३ आठवड्यांत ७३१. तिघींच्या मिळून २,१९३.

आता तुमच्या संस्थेने दिलेला शब्द पाहा. ६० ज्येष्ठ, आठवड्याला एक भेट, ५२ आठवडे : ३,१२० भेटी.

फरक ९२७ भेटींचा. यातल्या काही भेटी होत नसणार. काही वीस मिनिटांत उरकल्या जात असणार. बाकीच्या तुमच्या कार्यकर्त्या स्वतःच्या अंगावर काढत असणार : न घेतलेल्या रजा, रात्री घरी बसून लिहिलेल्या नोंदी, बुडवलेलं प्रशिक्षण. सोडून गेलेल्या दोघींबद्दल ‘त्यांना हे काम झेपलं नाही’ असं कुणी म्हणालं असेल, तर तसं म्हणणाऱ्यासमोर हा कागद ठेवा. जे काम तिघींच्या तासांत बसतच नाही, ते न झेपण्यात त्या दोघींचा काय दोष? तुम्ही स्वतः ते काम केलं आहे, त्यामुळे हे आकडे तुम्हाला अंगाने माहीत आहेत. आता ते कागदावर आणायचे आहेत, कारण विश्वस्तांना ते अंगाने माहीत नाहीत.

एक काळजी घ्या. तास मोजताना कार्यकर्त्यांना वाटता कामा नये की त्यांच्या मागे कुणी घड्याळ घेऊन लागलं आहे. त्यांना सोबत बसवा, दोन आठवड्यांची नोंद त्यांनी स्वतः ठेवू दे, आणि हा हिशेब कामाचा बोजा ठरवण्यासाठी आहे, कुणाची परीक्षा घेण्यासाठी नाही, हे आधी सांगा. नुसतं सांगू नका, ती नोंद कुणाच्या वार्षिक मूल्यमापनात वापरली जाणार नाही हे लिहून द्या.

दुसरं साधन रांगांच्या गणितातलं आहे आणि सामाजिक संस्थांमध्ये ते फार कमी वापरलं जातं. जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ साली सिद्ध केलेला नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो. परिस्थिती बऱ्यापैकी स्थिर असेल, तर एखाद्या व्यवस्थेत असलेली माणसं म्हणजे माणसं येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा सरासरी काळ. बँकेच्या खिडकीपासून रुग्णालयाच्या खाटांपर्यंत सगळीकडे हा नियम लागू पडतो. तुमच्याकडे ६० जण सेवेत आहेत आणि महिन्याला ६ बाहेर पडतात, म्हणजे एक ज्येष्ठ सरासरी १० महिने सेवेत राहतो. प्रतीक्षायादीत ५४ आणि महिन्याला ६ आत येतात, म्हणजे आज नाव नोंदवणाऱ्याला साधारण ९ महिने थांबावं लागेल. नुकत्याच दवाखान्यातून घरी आलेल्या, एकट्या माणसाला ९ महिने.

आणि यादी तिथेच थांबत नाही. ८ येतात, ६ जातात, म्हणजे महिन्याला २ नावं वाढतात. काहीच बदललं नाही तर वर्षभराने यादी ७८ ची, प्रतीक्षा १३ महिन्यांची. तीन वर्षांनी १२६ नावं आणि २१ महिने. खरं तर यादी इतकी वाढणार नाही, कारण तोवर काही नावं गळून जातील. ती का गळतील हे तुम्हाला मी सांगायला नको. आजची यादी, वर्षभरानंतरची आणि तीन वर्षांनंतरची, या तीन ओळी विश्वस्तांच्या बैठकीत पहिल्या पानावर असाव्यात. तीन वर्षांचा आराखडा म्हणजे मुळात या तीन ओळींना दिलेलं उत्तर.

उत्तरं तीनच दिशांनी येऊ शकतात : जागा वाढवा, सेवेत राहण्याचा काळ कमी करा, किंवा यादीत कोण येतं याचे निकष घट्ट करा. चौथी दिशा कार्यकर्त्यांना अजून पळवण्याची, ती तुम्ही वापरून संपवली आहे.

मला सगळ्यात जास्त वाव मधल्या दिशेत दिसतो, आणि सगळ्यात जास्त जपून पावलं टाकावी लागतील तीही तिथेच. तुमच्या संस्थेत सेवा कधी सुरू करायची हे लिहिलेलं असेल. कधी संपवायची हे लिहिलेलं आहे का? बहुतेक ठिकाणी नसतं. माणूस आला की राहतो, कारण त्याला ‘आता भेटी बंद’ म्हणणं कुणालाच जमत नाही, आणि न जमणं माणुसकीचंच आहे. पण दाराबाहेरचे ५४ जण आपल्याला दिसत नाहीत म्हणून ते जमत नाही, हेही खरं. म्हणून पहिल्याच भेटीत त्या ज्येष्ठाबरोबर बसून ठरवा की या भेटींमधून काय साधायचं आहे : स्वतः बाजारापर्यंत जाता येणं, औषधं वेळेवर घेता येणं, आठवड्यातून दोन वेळा कुणाशी तरी बोलणं होणं. तीन महिन्यांनी पुन्हा बसा आणि पाहा. साधलं असेल तर भेटी पंधरवड्यावर आणा, मग फोनवर, मग बंद, आणि गरज पडली तर यादीत न थांबता परत येता येईल असा शब्द द्या. हा परतीचा शब्द फार महत्त्वाचा आहे. तो नसेल तर ज्येष्ठ माणूस बरा झाल्याचं कबूलच करणार नाही, आणि त्याने का करावं?

सरासरी काळ १० महिन्यांवरून साडेसात महिन्यांवर आला, तर त्याच ६० जागांमधून महिन्याला ८ जण बाहेर पडतील. येणारे ८, जाणारे ८. यादी वाढायची थांबेल. मात्र हा आकडा कुणाच्याही डोक्यावर लक्ष्य म्हणून टांगू नका. तसं केलंत की ज्याला खरोखर वर्षभर भेटी हव्यात त्यालाही सातव्या महिन्यात ‘बरा’ ठरवलं जाईल.

आता तासांकडे परत या. ६० पैकी २० जण पंधरवड्यावर आले, तर आठवड्याला ५० भेटी लागतात, वर्षाला २,६००. तुमच्याकडे २,१९३ आहेत. तूट ४०७. अर्ध्या वेळेची एक कार्यकर्ती साधारण ३६५ भेटी देईल. उरलेल्या ४२ भेटी वर्षभरात फोनवर किंवा तुमच्या स्वतःच्या भेटींतून निघतील; समन्वयकाने अधूनमधून घरी जाणं तसंही बरं. म्हणजे तुमची मागणी काय झाली? ‘मनुष्यबळ अपुरं आहे’ असं मोघम वाक्य लिहिण्याऐवजी तुम्ही लिहाल : अर्ध्या वेळेचं एक पद, त्यातून ३६५ भेटी, आणि ते नसेल तर इतक्या ज्येष्ठांना दिलेला शब्द मोडतो. निधी देणारे या भाषेला उत्तर देतात. नकार दिला तरी कशाला नकार देतोय हे त्यांना कळतं.

विश्वस्तांचा स्वयंसेवकांचा आग्रह मी समजू शकते. स्वयंसेवक संस्थेचं मोठं बळ असतात, आणि अभ्यासिकेत ते उत्तम चालत असतीलही. पण घरभेटीत माणूस एका दुर्बळ व्यक्तीच्या घरात एकटा शिरतो. त्याची पार्श्वभूमी तपासणं, त्याला शिकवणं, पहिल्या काही भेटींना सोबत जाणं, कुणी पैसे हाताळायला दिले किंवा अंगावर वळ दिसले तर कुणाला आणि किती वेळात सांगायचं हे ठरवणं, भेटीनंतर त्याचं ऐकून घेणं, या सगळ्याला पगारी तास लागतात. दहा स्वयंसेवक घेतले आणि त्यांच्यासाठी आठवड्याचे सहा-सात तास बाजूला काढले नाहीत, तर ते तास तुमच्या थकलेल्या कार्यकर्त्यांमधूनच जातील. स्वयंसेवकांना ‘फुकट’ समजून केलेला आराखडा पहिल्याच वर्षी कोसळतो. त्यांना पंधरवड्यावर आलेल्या ज्येष्ठांच्या मधल्या आठवड्यातले फोन द्या, एकमेकांना भेटण्याचे कार्यक्रम द्या. घरभेटी द्यायच्या असतील तर आधी वरची सगळी व्यवस्था उभी करा.

गरजा ठरवण्यासाठी तुमच्या फोल्डरमध्ये सर्वेक्षणाच्या लांबलचक प्रश्नावल्या असतील. त्याआधी एक साधी मांडणी लक्षात घ्या. ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ साली गरजेचे चार प्रकार सांगितले : तज्ज्ञांनी ठरवलेली गरज, माणसाला स्वतःला जाणवणारी गरज, त्याने प्रत्यक्ष मागितलेली गरज, आणि तुलनेतून दिसणारी गरज, म्हणजे तशाच परिस्थितीतल्या दुसऱ्यांना सेवा मिळते आणि यांना मिळत नाही अशी. तुमची प्रतीक्षायादी यातली फक्त तिसरी दाखवते. यादीत नाव येण्यासाठी कुणीतरी तुमचं नाव ऐकलेलं असावं लागतं, फोन करावा लागतो, मदत मागण्याचा संकोच गिळावा लागतो. जे तिथवर पोहोचत नाहीत ते बहुधा जास्त एकटे असतात. म्हणून यादीतल्या ५४ नावांसमोर एक रकाना वाढवा : हे आपल्यापर्यंत कुणामार्फत आले? नावं दोन-तीनच मार्गांनी येत असतील, तर उरलेल्या वस्त्यांतून, भाषांतून, घरांतून कुणीच येत नाही हे लगेच दिसेल. हा रकाना एका दुपारी भरून होईल. लांब प्रश्नावली नंतर, आणि तीही तेव्हाच, जेव्हा उत्तरांवरून काही बदलायची तुमची तयारी असेल. लोकांना प्रश्न विचारून काहीच न करणं हा त्यांच्या वेळेचा अपमान आहे.

ज्यांच्यासाठी आराखडा आहे त्यांना आराखड्यात घेण्याबद्दल पुस्तिकांत पुष्कळ लिहिलेलं असतं. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, ती अजून वापरात आहे. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नुसता दाखवण्यापुरता असतो. मधल्या तीनवर लोकांना माहिती दिली जाते, मत विचारलं जातं, थोडी जागा दिली जाते, पण निर्णय दुसरेच घेतात. वरच्या तीनवर निर्णयात खरा वाटा मिळतो. तुम्हाला सहा आठवड्यांत सगळ्यात वर जाता येणार नाही. पण सेवा संपवण्याचे निकष ठरवताना सध्या सेवेत असलेले दोन-तीन ज्येष्ठ, सेवेतून बाहेर पडलेले एक-दोन आणि प्रतीक्षेत असलेलं एखादं कुटुंब यांना बोलवा, आणि कोणता निर्णय त्यांच्या हातात आहे आणि कोणता नाही, हे बसण्याआधी सांगा. बाहेर पडलेल्यांना विसरू नका. भेटी बंद झाल्यावर नेमकं काय झालं, हे फक्त त्यांनाच माहीत आहे.

आता त्या फॉर्मविषयी. निधी देणाऱ्यांच्या बहुतेक फॉर्ममागे एकच सांगाडा असतो, ज्याला लॉजिक मॉडेल म्हणतात : काय साधनं लावली, काय केलं, त्यातून किती काम झालं, माणसांच्या आयुष्यात काय बदललं, आणि पुढे जाऊन समाजात काय बदलेल. अमेरिकेतल्या केलॉग फाउंडेशनची यावरची मार्गदर्शिका मोफत मिळते आणि ती समजायला सोपी आहे. फोल्डरमध्ये असेल तर ही एक बाहेर काढा. पण रकाने उजवीकडून डावीकडे भरा. आधी लिहा की सहा महिन्यांनी या ज्येष्ठाच्या दिवसात काय वेगळं असेल, मग त्यासाठी काय करावं लागेल, मग त्याला काय लागेल. डावीकडून सुरू केलं की आपण आहे तेच काम लिहीत जातो आणि शेवटच्या रकान्यात मोठे शब्द भरतो. एकदा तुमच्या तिन्ही कामांचे असे तीन कागद झाले, की कुठल्याही संस्थेचा फॉर्म त्यातून भरता येतो. प्रत्येक फॉर्मसाठी काम नव्याने रचायला जाऊ नका. लहान संस्था त्यातच भरकटतात.

मोजमाप थोडकंच ठेवा. मार्क फ्रीडमन या अमेरिकी सल्लागाराच्या पद्धतीतले तीन प्रश्न तुम्हाला पुरतील : किती केलं, किती चांगलं केलं, आणि त्याने कुणाचं बरं झालं का? घरभेटींसाठी प्रत्येक प्रश्नाला एक किंवा दोन आकडे. किती : झालेल्या भेटी. किती चांगलं : ठरलेल्यांपैकी किती झाल्या, आणि तीच कार्यकर्ती आली का; ज्येष्ठांना चेहरा बदललेला आवडत नाही. बरं झालं का : पहिल्या भेटीत ठरवलेलं साधलं असं त्या माणसालाच वाटतं का? यापलीकडे जाण्याचा मोह आवरा. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बजावून ठेवलं आहे की, एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून असतात, तितका तो आकडा वाकवला जातो आणि ज्या कामावर नजर ठेवायची तेच काम तो बिघडवतो. भेटींच्या संख्येवर निधी ठरला की भेटी वीस मिनिटांच्या होतात. म्हणून दर तिमाहीला आकड्यांसोबत एका माणसाची हकिगत लिहा, त्याची परवानगी घेऊन, नाव बदलून. दर वेळी यशाचीच नको. जिथे जमलं नाही तीही लिहा.

फोनवरच्या मदतसेवेबद्दल तुम्ही फार लिहिलं नाही, पण तिथेही एक मोजमाप आज सुरू करता येईल : तासानुसार किती फोन आले आणि किती उचलले गेले नाहीत. फोनला किती माणसं लागतात याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले डॅनिश गणिती आग्नर एर्लांग यांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडलं. त्यांचा यावरचा पहिला निबंध १९०९ चा. त्यांच्या सूत्रांवर चालणारी गणकयंत्रं इंटरनेटवर मोफत आहेत. तासाला येणारे फोन, एका फोनची सरासरी मिनिटं आणि फोन किती वेळात उचलला जावा हे भरलं, की किती जण हवेत ते कळतं. छोट्या सेवेत एका माणसाने किती फरक पडतो, हे त्यात पाहून तुम्हाला नवल वाटेल. दिवसभर दोघं बसवण्यापेक्षा गर्दीच्या तीन तासांत तिघं बसवणं बहुधा जास्त उपयोगी ठरतं. पण आधी गर्दीचे तास कोणते, हे तुमच्या नोंदींनी सांगू दे. आणि जीव धोक्यात असलेला फोन आला तर काय करायचं, हे प्रत्येक टेबलावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलंच पाहिजे. ते नसेल तर आराखडा बाजूला ठेवून ते या आठवड्यात करा.

अभ्यासिका नीट चालली असावी, कारण पत्रात तिची एकही तक्रार नाही. तीन वर्षांच्या आराखड्यात तिला ‘आहे तशीच’ असं एका ओळीत लिहायला हरकत नाही. प्रत्येक कामाचा विस्तार झालाच पाहिजे असा नियम नाही.

पैशाचा हिशेब सेवेनुसार मांडा. पगार, प्रवास, भाडं असे रकाने असलेलं अंदाजपत्रक हिशेबनिसाला पुरतं. तुम्हाला हवं आहे ते हे की, घरभेटींना एकूण किती लागतं, अभ्यासिकेला किती, फोनला किती. तुमचा स्वतःचा पगार, लेखापरीक्षण, विमा, कॉम्प्युटर, जागा यांचा वाटा तिन्ही कामांत वाटून टाका, मग एका घरभेटीचा खरा खर्च कळेल. तो पहिल्यांदा पाहताना जास्त वाटेल. वाटू दे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सामाजिक कामावरच्या नियतकालिकात २००९ साली एका लेखात या दुखण्याला उपासमारीचं चक्र असं नाव दिलं गेलं : निधी देणारे प्रशासकीय खर्च अवास्तव कमी असावा अशी अपेक्षा ठेवतात, संस्था तो कमी दाखवतात, त्यामुळे अपेक्षा आणखी खाली येते, आणि शेवटी संस्थेकडे धड कॉम्प्युटर उरत नाही की प्रशिक्षण. तुम्ही खरा आकडा लिहा आणि तो कसा काढला हे सोबत जोडा. प्रत्येक अनुदान कोणत्या महिन्यात संपतं याचा एका पानाचा तक्ताही करा. दोन अनुदानं एकाच महिन्यात संपत असतील, तर ते आज कळणं बरं.

सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई नको. ६० आणि ५४ नावांना एक नीट केलेली एक्सेलची फाइल पुरते, पासवर्ड लावलेली आणि ठरावीक जणांनाच उघडता येणारी. घरी जाऊन नोंद करायची आणि तिथे नेट नसतं असं असेल, तर कोबोटूलबॉक्स पाहा. मानवतावादी कामासाठी तयार झालेलं ते साधन नेटशिवायही माहिती भरू देतं. वाचायला एकच ठिकाण हवं असेल तर कॅन्सस विद्यापीठाचं कम्युनिटी टूल बॉक्स : गरजा तपासण्यापासून मूल्यमापनापर्यंत सगळं मोफत. ते सलग वाचू नका. अडेल तेव्हा तेवढंच प्रकरण उघडा.

सहा आठवडे असे वापरा. पहिले दोन तासांच्या नोंदीचे. त्याच काळात प्रतीक्षायादीचा नवा रकाना भरून घ्या आणि यादीतल्या प्रत्येकाला एक फोन करून नाव अजून ठेवायचं का ते विचारा. तिसऱ्या आठवड्यात ज्येष्ठांबरोबरची बैठक, चौथ्यात पैशाचा हिशेब, पाचव्यात लिखाण. सहावा आठवडा मोकळा ठेवा, काहीतरी अडकतंच. विश्वस्तांना तीन वर्षांसाठी दिशा दाखवा, पहिल्या वर्षासाठी आकडे द्या आणि पहिल्या तीन महिन्यांसाठी कामांची यादी द्या, प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव लिहून. तिसऱ्या वर्षाचं बारीक वेळापत्रक मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा. आणि त्यांच्यापुढे मंजुरीसाठी एकच कठीण प्रश्न ठेवा : अर्ध्या वेळेचं पद उभं करायचं, की ६० चा आकडा खाली आणायचा? दोन्हीला नाही म्हणता येणार नाही, हे तुमचा पहिला कागद दाखवतो. त्यांचा निर्णय इतिवृत्तात लिहून घ्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. प्रतीक्षायादीतल्या माणसाला खरं सांगा. ‘तुमचं नाव यादीत आहे, आम्ही कळवू’ यापेक्षा ‘सध्या साधारण नऊ महिने लागतात’ हे ऐकायला कडू आहे, पण त्यावर त्याला दुसरी सोय शोधता येते. यादी फक्त तारखेप्रमाणे चालते, की जास्त धोक्यात असलेल्याला आधी घेतलं जातं, हेही सांगा. दुसरं असेल तर ते कोण आणि कशावरून ठरवतं, हे त्याला विचारता आलं पाहिजे. तोवर काय मिळू शकतं ते सांगा : तुमचीच फोनवरची सेवा, जवळपासच्या इतर सेवा, परिस्थिती बिघडली तर कुठे फोन करायचा. दर दोन महिन्यांनी त्यांना आपणहून एक फोन जाईल असं ठरवा. ५४ जणांचे दोन महिन्यांत ५४ फोन, म्हणजे आठवड्याला सहा-सात. हे काम नीट शिकवलेला एक स्वयंसेवक आठवड्याच्या दीड-दोन तासांत करू शकतो, आणि विश्वस्तांना स्वयंसेवक हवेच आहेत. त्याच्यासमोर चार प्रश्नांचा कागद द्या : तब्येत कशी आहे, घरी कुणी येतं का, औषधं चालू आहेत का, कुठे पडलात का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर त्याच दिवशी तुम्हाला कळलं पाहिजे.